गप इयरचे कंट्रोलर

एखाद्याला गुपित सांगायचं असलं की तो आधी मान वळवून इकडेतिकडे बघतो, तोंडाआड हात धरतो, मग बोलतो. भोये कंट्रोलरही हे सगळं रीतसर करायचे. मान वळवायचे, हात धरायचे, आणि मग जे सांगायचे ते निम्म्या जव्हारला ऐकू जायचं. माणूस मनापासून कुजबुजत असायचा हो, त्याच्या गळ्याला ते जमत नव्हतं इतकंच.

जव्हारच्या एसटी स्टँडवर त्यांनी उभी नोकरी काढली. कागदावर वाहतूक नियंत्रक, गावाच्या तोंडी कंट्रोलर. गाड्यांची घोषणा करायचं काम. हातात माईक असायचा, पण तो ते शिष्टाचार म्हणून धरत. "नाशिककडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी" हे वाक्य स्टँडवर सुटायचं आणि बाजारात भाजी निवडणाऱ्या बाया पिशवी उचलायच्या. मी जव्हारला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला होतो. माझा वर्ग स्टँडपासून बराच लांब. तरी पेशींचं विभाजन फळ्यावर अर्ध्यात आलं की नाशिक गाडी लागायची, आणि मागच्या बाकावरची पोरं नोंद घ्यायची.

निवृत्त झाल्यावर हा आवाज घरी गेला. त्यांच्या पत्नी ताराबाई एकदा मला बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "सर, ह्यांना कुठं तरी चिकटवा. सकाळी न्हाणीघरातून घोषणा करतात, पाणी गरम लागलेलं आहे म्हणून. शेजारचा येऊन आंघोळ करून गेला."

नेमकं त्याच वेळी पुण्याच्या एका संस्थेचं शिबिर सूर्यमाळला सुरू होत होतं. बारावी झालेली शहरातली पोरं वर्षभर शिक्षण थांबवून जंगल राखायचं काम शिकणार. इथं तयारी करायची, मग शिमगा झाला की दक्षिणेकडच्या वर्षावनात जायचं आणि पावसाळा संपेपर्यंत तिथंच राहायचं. सगळं चालवायला अदिती मॅडम होत्या, तिशीच्या आतबाहेरच्या, कामाला वाघ. त्यांना झाडं ओळखायला शिकवणारा एक मास्तर हवा होता, तो मी झालो, दर रविवारी जायचो. आणि गाड्या, किराणा, पाणी, गावकरी हे सगळं सांभाळणारा एक स्थानिक माणूस हवा होता. मी कंट्रोलरांचं नाव सुचवलं. ताराबाईंनी मला नारळ दिला.

आता शिबिराच्या पाटीविषयी सांगायला हवं. 'गॅप इयर स्वयंसेवक प्रशिक्षण' असं लिहायचं होतं. पेंटरनं 'ग'च्या डोक्यावरचा चंद्र गाळला. पाटी झाली 'गप इयर'. मॅडमच्या लक्षात आलं तोवर ती खिळ्यांनी ठोकून झाली होती. पेंटर म्हणाला, "चालतंय मॅडम, लोक समजून घेतात."

लोकांनी समजून घेतलंच. कंट्रोलर पहिल्या दिवशी आले, पाटीसमोर उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली. मग ओट्यावर बसलेल्या पोरांकडे बघून त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं आणि तोंडाआड हात धरून विचारलं, "अशी सोन्यासारखी पोरं. वर्षभर गप? घरी काय झालां?"

ही 'झालां' त्यांची घरची बोली. एरवी ते स्टँडवरचं मराठी बोलत, सगळं 'लागलेलं आहे' आणि 'नोंद घ्यावी'. पण मन हललं की वाक्याची चाकं आपोआप गावच्या रस्त्याला लागत. त्यांचा प्रश्न अर्थातच सगळ्या पोरांनी ऐकला.

मॅडमनी समजावलं. गॅप इयर म्हणजे बारावीनंतर एक वर्ष कॉलेजात जायचं नाही.

"म्हणजे नापास."

"नाही हो, पास होऊन."

"पास होऊन कॉलेजात जायाचा नाय, आणि वर गप पण बसायचां?"

मॅडम हसल्या आणि तिथंच फसल्या. कारण पुढं त्यांनी कामाचं स्वरूप सांगितलं. वर्षावनात धनेश नावाचा मोठ्या चोचीचा पक्षी असतो. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दार लिंपून टाकते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. नर बाहेरून फळं आणून तिला आणि पिल्लांना भरवतो. ह्या ढोल्यांवर लांबून नजर ठेवायची, आणि एक शब्दही न बोलता बसायचं. माणसाचा आवाज झाला तर नर ढोलीकडे यायला बिचकतो.

"म्हणजे बाई आत कोंडलेली आणि नवरा डबा घेऊन येतो," कंट्रोलर म्हणाले.

"तसंच म्हणा."

"आणि ओरडलां तर डबा परत जातो."

"हो."

"मग पाटी बराबर हाय!" ते म्हणाले. त्या क्षणापासून त्यांच्या लेखी शिबिर म्हणजे गप्प बसायचं ट्रेनिंग. आणि ते देणार कोण, तर भोये कंट्रोलर.

वर्षावनाच्या तयारीला सूर्यमाळ निवडणं हाही एक विनोदच होता. शिमग्याच्या आधीच तिथल्या विहिरी तळाला जातात. पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन उतरणीवरून जा-ये करत असतात, आणि ही पोरं रणरणत्या उन्हात रेनकोट घालून पानगळीच्या रानातून चाललेली. चिखल नव्हता, जळवा नव्हत्या, पाऊस तर नव्हताच. कंट्रोलर मागून ओरडायचे, "पाऊस जोरात लागलेला आहे, असं समजून चालावं!" हंडेवाल्या बाया थांबून वर बघायच्या, मग पोरांकडे, मग एकमेकींकडे. एक म्हातारी, सोमीबाई तिचं नाव, रोज न चुकता विचारायची, "आज तरी पडला का रं?"

बोलायचं नाही तर रांगेला सूचना कशी द्यायची, हा प्रश्न कंट्रोलरांनी त्यांच्या पद्धतीनं सोडवला. त्यांनी एक लांब सुती दोर आणला. पोरांनी एकामागं एक तो धरून चालायचं. पुढचा मुलगा तो ड्रायव्हर, आणि सगळ्यात मागं दोराचं टोक धरून स्वतः कंट्रोलर, कारण घंटी मागूनच वाजते. एक हिसका म्हणजे थांबा. दोन हिसके म्हणजे चला. मॅडमनी डोक्याला हात लावला, पण खरं सांगतो, दोर उत्तम चालला. पोरं खरंच आवाज न करता रानातून हिंडायला लागली. आवाज फक्त शेवटून यायचा, "वा! एकदम शांत!"

दोराचा अनर्थ एकदाच झाला, तिसऱ्या वर्षीच्या बॅचला. कंट्रोलरांना आडोशाला जायचं होतं. त्यांनी एक हिसका देऊन रांग थांबवली, दोराचं टोक करवंदीच्या जाळीला अडकवलं आणि झाडीत गेले. तेवढ्यात पाड्यावरची एक शेळी आली. तिला दोर आवडला. तिनं टोक चघळून सोडवलं, तिच्या गळ्यातल्या दाव्यात त्याचा गुंता झाला, आणि तिनं मान झटकली. एकदा, दोनदा. दोन हिसके म्हणजे चला. रांग निघाली. मागं वळून बघायचं नाही असा नियम होता, तोही कंट्रोलरांचाच. शेळी थांबली की एक हिसका बसायचा, रांग थांबायची. शेळीनं मान झटकली की रांग चालायची. असं करत करत ती वरात उतारावरून थेट पाड्यात, आणि पाड्यातून नेमकी शेळीच्या मालकाच्या अंगणात शिरली.

मालक भात सोडून उठला. रेनकोट घातलेली दहा-बारा शहरी पोरं आणि शेवटी आपली शेळी, दोराला बांधलेली. "कुठं नेताव तिला?" त्यानं विचारलं. कोणी बोलेना. "अरे, चोरताव का काय?" कोणी बोलेना. पुढं रेवा नावाची ठाण्याची मुलगी होती, एरवी वकिलाला हरवेल अशी. तिनं फक्त नम्रपणे नमस्कार केला. मालकाची बायको बाहेर आली, तिनं रांग नीट न्याहाळली आणि नवऱ्याला म्हणाली, "ओरडू नको रं. मुकी हायत बिचारी. पाणी दे." टंचाईच्या दिवसांत त्या बाईनं सगळ्यांना एकेक पेला पाणी दिलं. पोरं डोळ्यांत पाणी आणून प्यायली. मागून पँट सावरत कंट्रोलर धावत आले आणि त्यांनी टेकाडावरूनच जाहीर केलं, "शेळी निर्दोष आहे! पोरं निर्दोष आहेत!"

त्या संध्याकाळी त्यांनी मला अभिमानानं सांगितलं, "सर, चोर म्हटलां तरी एक शब्द नाय. अशी बॅच कुणाला तयार करता येल?"

आणि खरंच त्यांच्या हाताखालून निघालेली पोरं गप्प बसण्यात तरबेज असायची. शिबिराच्या शेवटी एक परीक्षा होती. सकाळचा चहा झाला की प्रत्येकानं रानात एकेका झाडाखाली बसायचं ते ऊन डोक्यावर येईपर्यंत, तोंडातून शब्द न काढता. जमलं तो वर्षावनात जाणार, नाही जमलं तो घरी. प्रत्येक बॅचबरोबर एका स्थानिक मदतनीसालाही जाता यायचं, त्याच परीक्षेच्या अटीवर. कंट्रोलरांचा जीव ह्या एका जागेवर जडला होता.

का, तेही त्यांनी मला एकदा सांगितलं. आम्ही जव्हारला परत येत होतो, जीपमध्ये पुढच्या सीटवर. ते म्हणाले, "सर, जल्मभर मी लोकांना धाडलां. नाशिकला धाडलां, ठाण्याला धाडलां, कोणी लगनाला, कोणी दवाखान्यात. मी कुठं गेलू? घर ते स्टँड, पायी. पाऊस थांबतच नाय असां रान हाय म्हणतात. एकदा बघायचां." त्यांचं जाणं व्हावं असं मला त्या दिवसापासून अगदी मनातून वाटायला लागलं.

पण परीक्षा! पहिल्या वर्षी ते झाडाखाली मांडी घालून बसले. मॅडमनी शिट्टी वाजवली. परीक्षा सुरू झाली. कंट्रोलरांनी छाती भरून घेतली आणि घोषणा केली, "आता कुणीही बोलणार नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी." नापास.

दुसऱ्या वर्षी त्यांनी तोंड घट्ट मिटून धरलं. सूर्य वर चढत गेला, कंट्रोलर गप्प. पोरं आपापल्या झाडाखालून त्यांच्याकडे कौतुकानं बघत होती. मॅडमही थक्क होऊन मला खुणावत होत्या. मग उन्हानं त्यांचा डोळा लागला, मान छातीवर पडली, आणि झोपेत त्यांनी विनाथांबा नाशिक गाडी सोडली. साफ नापास. जागे झाले तेव्हा समोरच्या झाडावरची वानरं पसार झाली होती. "कोण ओरडला?" त्यांनी विचारलं.

तिसऱ्या वर्षी मात्र ते तयारीनं आले. कुणीतरी त्यांना म्हणालं होतं की शहाणा माणूस मूग गिळून गप्प बसतो. कंट्रोलरांनी सल्ला शब्दशः घेतला. रोज सकाळी भिजवलेल्या मुगाचा बकाणा भरायचा आणि तो गिळायचा नाही, चावायचा नाही, नुसता धरून ठेवायचा. तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही, एवढं साधं शास्त्र. महिनाभर ताराबाईंचं घर शांत झालं. पहिले दोन दिवस त्या सुखात होत्या, तिसऱ्या दिवशी मला निरोप आला, "सर, जरा येऊन जा. ह्यांच्याकडे बघून भीती वाटते." मी गेलो. कंट्रोलर गाल फुगवून पाटावर बसलेले. मला बघून डोळ्यांनी हसले, बोटानं आपल्या गालाकडे खूण केली आणि मग ते बोट दक्षिणेकडे वळवलं. ताराबाई म्हणाल्या, "एवढा वेळ धरतात, मोड येतील एक दिवस."

परीक्षेचा दिवस उजाडला. मी मुद्दाम गेलो. कंट्रोलरांना जागा मिळाली ती कड्याच्या अंगाला, एका ऐनाच्या झाडाखाली. तिथून खाली खोडाळ्याहून मोखाड्याला जाणारा रस्ता दिसतो, वळणावळणानं. मी आणि मॅडम थोड्या अंतरावर खडकाआड बसलो. शिट्टी वाजली. बकाणा भरलेला. गाल तट्ट. पोरं आपल्या झाडांखाली, पण सगळ्यांचे डोळे त्या ऐनाकडे.

उन्हं चढली. कंट्रोलर जागे होते आणि गप्प होते. चेहऱ्यावर घाम, पण नजर पक्की. मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, "सर, ह्या वेळी होतंय बरं का." मला इतका आनंद झाला की बोलायला गेलो आणि स्वतःच तोंड दाबलं.

आणि पायवाटेवरून सोमीबाई आली. डोक्यावर गाठोडं, पायात चपला नाहीत, श्वास लागलेला. ती थेट ऐनाखाली गेली, कारण गाडीचं विचारायचं तर कंट्रोलरला, हे सगळ्या मुलखाला ठाऊक.

"कंट्रोलर, मोखाड्याची गाडी गेली का हाय?"

कंट्रोलरांनी हात हलवला. तिला कळलं नाही.

"पोसी बाळंत झाली माझी. दवाखान्यात एकलीच हाय. दोन दिस कुणी गेलां नाय तिच्याकडं. गाडी गेली का?"

कंट्रोलरांनी जोरानं मान हलवली, खाली रस्त्याकडे बोट दाखवलं, मग हाताची चाकं फिरवून दाखवली. सोमीबाई एक पाऊल मागं सरली. "तोंडाला काय झालां तुमच्या?" ती घाबरून म्हणाली. "वारा गेला का काय?"

तेवढ्यात खालच्या वळणावर गाडी दिसली. लाल टप, मागं धुरळा. पायवाटेनं उतरायला म्हातारीला वेळ लागणार, आणि तोवर गाडी निघून जाणार. त्यानंतर थेट संध्याकाळची. हे सगळं कंट्रोलरांइतकं पृथ्वीवर कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी गाडीकडे बघितलं, सोमीबाईकडे बघितलं, आणि मग आमच्या खडकाकडे बघितलं. ती नजर मी कधी विसरणार नाही. परवानगी मागत नव्हते ते. निरोप घेत होते.

मूग सगळीकडे उडाले.

"मोखाड्याऽऽ! गाडी थांबवाऽऽ! प्रवासी येत आहेऽऽ!"

पूर्ण दरी हलली. होले उडाले, पाड्यावरची कुत्री भुंकायला लागली, आणि खाली, बोटाएवढ्या दिसणाऱ्या त्या गाडीनं करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हर नंतर सांगत होता, की तो जव्हार स्टँडवर वाढलेला माणूस, हा आवाज आला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, त्याला विचारतही नाही. कंट्रोलरांनी गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं, सोमीबाईचा हात धरला आणि दोघं उतारानं निघाले. वाटेत त्यांचा आवाज चालूच होता. बाळ मुलगा का मुलगी, वजन किती, लेकीनं काही खाल्लं का. महिनाभराचं साठलं होतं.

तिला गाडीत बसवून कंट्रोलर वर आले तेव्हा पोरं उठून उभी राहिली होती, पण अजून एकही बोलत नव्हतं. ऊन डोक्यावर यायला थोडं बाकी होतं. कंट्रोलरांनी स्वतःच निकाल लावला. "भोये नापास. पोरांनी खाली बसावं."

संध्याकाळी मॅडम त्यांच्याकडे गेल्या. डोळे लाल झाले होते त्यांचे. म्हणाल्या, "काका, नियम माझाच आहे, मीच मोडते. तुम्ही चला."

कंट्रोलर खाली बघून म्हणाले, "नको मॅडम. मी नवऱ्याला डबा घेऊन येताना बघीन आणि ओरडीन. मला माझा भरवसा नाय. बाई आत कोंडलेली. पिल्लां उपाशी राहतील."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. तेव्हा रेवा म्हणाली, "काका, पण आम्ही राहणार ते गाव रानापासून लांब आहे. तुम्ही ढोल्यांकडे नाही आलात तरी पाऊस तिथंही पडतोच. आणि तिथं एसटी स्टँडसुद्धा आहे."

"स्टँड आहे?"

"लहानसा आहे. कधी कुठली गाडी लागते, कोणाला कळत नाही म्हणतात."

कंट्रोलरांनी मान वर केली. कुणी अनाथ पोर असल्याची बातमी द्यावी तसा त्यांचा चेहरा झाला. "कुणीच सांगत नाय?"

मॅडमनी तिथल्या लोकांना फोन लावला. गावात राहायचं, सामान आणि गाड्यांचं बघायचं, ढोल्यांच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. तिथली भाषा आपली नाही, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही, आणि आलं असतं तरी त्यांनी जुमानलं नसतं.

शिमगा झाल्यावर बॅच निघाली. मी जव्हारच्या स्टँडवर सोडायला गेलो. जूनमध्ये माझी बदली झाली, त्यामुळं त्यांना मी बघितलं ते तेव्हाच, शेवटचं. ताराबाईंनी त्यांना नवा सदरा घातला होता आणि दशम्यांचा डबा दिला होता. स्टँडवरचे हमाल, चहावाले, ड्रायव्हर सगळे गोळा झालेले. कंट्रोलर गाडीत चढले आणि पोरांनी त्यांना खिडकीची जागा दिली. गाडी सुरू झाली. ते काचेला नाक लावून माझ्याशी काही तरी बोलत होते, तोंड भराभर हलत होतं, आणि काच बंद असल्यानं आणि इंजिनच्या आवाजानं मला एक अक्षर ऐकू येईना. भोये कंट्रोलर बोलतायत आणि ऐकू येत नाही, असं जव्हारमध्ये कधी घडलं नव्हतं. मी हातानं विचारलं, काय? त्यांनी काचेवर थापा मारल्या, कडी दाखवली, ती इकडून ओढली, तिकडून ढकलली. मग मला कळलं. एवढ्या गाड्या त्यांनी रवाना केल्या होत्या, पण आत बसून खिडकी कशी उघडतात ते त्यांना माहीत नव्हतं, आणि ते मला तेच विचारत होते.

मी खिडकीकडे धावलो. तोवर गाडी वळली होती.